नऊ घरांतली मेरीची आसवं

आमच्या अंडरकूम गावात कुणी रोप दिलं तर धन्यवाद म्हणत नाहीत. म्हटलं की रोप मरतं. देणारीनं "तुझ्या फाटकाशी काहीतरी पडलंय बघ" एवढंच म्हणायचं, घेणारीनं आभाळाकडे बघत "वारा फिरलाय" असं काहीतरी पुटपुटायचं आणि विषय संपवायचा. त्याहून उत्तम म्हणजे चोरायचं. चोरलेलं रोप हमखास जीव धरतं. दर रविवारी पहिल्या बाकावर बसणाऱ्या बायका प्रार्थना आटोपून घरी येताना बिनदिक्कत दुसऱ्याच्या कुंपणावरून हात घालतात, आणि त्यात कुणालाच पाप वाटत नाही. रोप सोडून दुसरं काही, अगदी वाळत घातलेला मोजा जरी उचलला, तरी सात पिढ्यांचा उद्धार होतो.

हे आधी सांगितलं, कारण केझाया सॅमवेजला उभ्या आयुष्यात कुणी धन्यवाद का म्हटलं नाही, ते त्याशिवाय कळायचं नाही. बाई गावाला रोपंच देत आली.

एकतीस वर्षं आमच्या दोघींमध्ये कमरेएवढं दगडी कुंपण होतं. मी लग्न होऊन आले त्या दिवशी तिनं त्यावरून डोकावून माझा गाजरांचा वाफा पाहिला आणि म्हणाली, "ही जागा? गाजरांना? तुझ्या नवऱ्याला डोळे आहेत की नुसती बटणं?" मी घरात जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी गूजबेरीच्या तीन काड्या पडल्या होत्या, मुळांना ओलं फडकं गुंडाळलेलं. अशी ही बाई. ठेंगणी, रुंद, हनुवटी पुढे काढून चालणारी. ती भांडायला आलीय की काढा द्यायला, हे पेला हातात पडेपर्यंत समजायचं नाही.

खालच्या गावातल्या पाद्रीसाहेबांची बायको लंडनची. नवीन होती तेव्हा केझायानं तिला एक गड्डा दिला. तिनं भर रस्त्यात केझायाचे दोन्ही हात धरून तीनदा धन्यवाद दिले. आठवड्यात रोप काळं पडलं. केझाया मला म्हणाली, "तीनदा म्हणाली गं. एकदाच म्हटली असती तर निदान मुळं तरी वाचली असती."

तो गड्डा होता मेरीच्या आसवांचा. पुस्तकात या रोपाला लंगवर्ट म्हणतात, आम्ही कुणी म्हणत नाही. केझायाच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीखाली, जिथं ऊन जेमतेम येतं आणि दुसरं काही नीट येत नाही, तिथं तिच्या सासूनं ते लावलं होतं. खरखरीत पानं, त्यांवर दूध सांडल्यासारखे पांढरे ठिपके. फेब्रुवारी सरता सरता फुलं यायला लागतात. कळी गुलाबी, फूल निळं, आणि दोन्ही एकाच देठावर. येशूची आई मेरी बाळाला घेऊन पळून चालली होती तेव्हा तिचं दूध या पानांवर सांडलं, असं काही जण म्हणतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगतात ते वेगळं. त्या म्हणतात, ठिपके आसवांचे आहेत, निळी फुलं म्हणजे मेरीचे डोळे आणि गुलाबी कळ्या म्हणजे रडून लाल झालेल्या तिच्या पापण्या. म्हणून या रोपाला कधी लोखंड लावायचं नाही. पानं हातानं खुडायची. गड्डा वेगळा करायचा तर बोटांनी. आणि मुळासकट उपटायचं तर नावच काढायचं नाही. ज्या घरानं मेरीला उपटलं, त्या घरातलं एक माणूस वर्षाच्या आत दगावतं.

या पानांचा काढा खोकल्यावर. केझाया तो मधात करायची आणि अख्ख्या गावाला पाजायची. "पान नीट बघ," ती म्हणायची. "आकार बघ, ठिपके बघ. छातीतल्या फुप्फुसासारखं आहे की नाही? देवानं प्रत्येक औषधावर सही केलीय. आंधळ्यांना दिसत नाही त्याला देव काय करणार?" मी काढा खूपदा प्यायले. बरं वाटायचं. पानामुळे की मधामुळे, हे विचारायची माझी छाती नव्हती.

अंडरकूम म्हणजे दहा घरं. केझायाचं सोडून उरलेल्या नऊ घरांत मेरीची आसवं होती ती सगळी तिच्याच वाफ्यातली, काही दिलेली, बरीचशी चोरलेली.

तिचा नवरा रूबेन दगडाच्या खाणीत होता. चौदाव्या वर्षापासून छिन्नी हातात. धिप्पाड, अबोल माणूस. दगडाची धूळ खाणाऱ्यांना खोकला असतोच, आमच्याकडे त्याला कुणी दुखणं म्हणत नाही. पण एक्कावन्न सालच्या उन्हाळ्यात त्याचा खोकला बदलला. भिंतीपलीकडून मला तो ओळखू यायचा, पूर्वीचा कोरडा, हा खोल. आठ महिने तो सकाळ-संध्याकाळ काढा पीत होता. पट्ट्याला केझायानं एक नवीन भोक पाडलं, मग दुसरं. तिसरं पाडताना मी तिला अंगणात पाहिलं. सुई आरपार गेली तरी ती दाबतच राहिली होती.

डॉक्टर पेनफोल्ड आले, छातीला नळी लावली आणि म्हणाले, "रूबेन, मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी बाजारच्या गावी एक्स-रेची गाडी येतेय. पाच मिनिटांचं काम. जाऊन या."

"नको," रूबेन म्हणाला. "माझ्याकडे मेरी आहे."

त्याचा बाप इस्पितळात चालत गेला होता आणि खोक्यातून परत आला होता. तेव्हापासून या माणसाच्या मनात ते घट्ट बसलेलं. आत गेला की संपला. डॉक्टर गेल्यावर केझायानं त्याला सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, भाकरी न देऊन पाहिली. रूबेन तिच्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "तूच म्हणतेस ना गं, देवानं पानावर सही केलीय म्हणून? मग आता त्या सहीला काय झालं?"

तीस वर्षं गावाला जे सांगितलं, तेच उलटून तिच्या पुढ्यात उभं होतं.

त्यानंतरच्या रविवारी ती माझ्या स्वयंपाकघरात आली. बसली नाही. "अर्सुला," म्हणाली, "त्यानं आज स्वतःचा रुमाल धुतला."

मी म्हटलं, "मग? सुधारला असेल."

"ज्या माणसानं जन्मात चहाचा कप विसळला नाही तो पहाटे पंपावर रुमाल धुतो? मी खिडकीतून बघत होते. पाणी लाल होतं."

मी खुर्ची पुढे केली. ती म्हणाली, "खुर्ची नको. मला गुरुवारपर्यंत वेळ आहे," आणि निघून गेली.

सोमवारी रूबेन खाणीवर गेला. आता त्याला नुसती हत्यारं पाजळायचं हलकं काम दिलं होतं. नऊच्या सुमाराला मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा पलीकडून मातीत लोखंड रुतल्याचा आवाज आला. मी कुंपणाशी धावले. केझाया खणायचा लोखंडी काटा घेऊन उत्तरेच्या भिंतीखाली उभी होती. वाफा ऐन फुलात. वर्षातल्या पहिल्या थोराड मधमाश्या फुलांवर घोंघावत होत्या, आणि ती त्यांच्यासकट गड्डे उलटे करत होती.

"केझाया! अगं, लोखंड!"

"लोखंडच हवं. हातानं उपटलं तर मुळं राहतात."

"सासूचा वाफा गं तुझ्या!"

"सासूचाच मुलगा वाचवतेय." तिनं पाय देऊन काटा आणखी आत घातला. "पान आहे तोवर तो गाडीत बसणार नाही. पान नसलं तर बघू कसा बसत नाही."

"आणि अपशकुन?"

"तो माझ्या डोक्यावर. मी त्याला तसं सांगूनच काटा उचललाय."

"कुणाला? रूबेनला?"

"देवाला," ती म्हणाली, आणि कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला तिची भीती वाटली नाही, फार माया वाटली.

सगळा ढीग तिनं डुकरांना टाकला. डुकरांनी हुंगलं आणि तोंड फिरवलं. "त्यांनाही कळतं," मी म्हटलं. "डुकरं आहेत ती, धर्मगुरू नाहीत," ती म्हणाली आणि काटा खांद्यावर टाकून माझ्या फाटकातून आत आली.

मी तिच्या वाटेत उभी राहिले. "माझ्याकडे नाही हं. मी शब्द देते. रूबेन आला तर एक पान देणार नाही."

"देऊ नकोस. तो चोरेल."

रोप चोरायची आमच्या गावात लाज नाही, उलट चोरलेल्याचा गुण जास्त. नऊ घरांनी नऊ शपथा घेतल्या असत्या तरी त्याला नुसता हात लांब करायचा होता.

"माझ्या लेकीला, लेटिसला सातवा महिना आहे, केझाया," मी म्हटलं. "बाळंतिणींची आई आहे ती मेरी. मी तिला लोखंड लावू? आज?"

तिनं काटा खांद्यावरून उतरवून जमिनीला टेकवला. मग म्हणाली, "मी तुझ्यावर जबरदस्ती करणार नाही. पण रूबेन गेला तर मला तुझ्या कुंपणावरून रोज तो वाफा दिसेल. एवढं तुला ठाऊक असू दे." आणि ती पुढच्या घरी गेली.

मी तिला मनातल्या मनात पोटभर शिव्या दिल्या. मग घरातून काटा आणला. आधी बोटांनी एक छोटा गड्डा सोडवून धुण्याच्या खोलीत जुन्या किटलीत लपवला, लेटिससाठी. त्यानंतर बाकीचं सगळं खणून काढलं. खरं सांगते, प्रत्येक घावाला मी लेटिसचं नाव घेत होते.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत केझाया सगळ्या दारांशी जाऊन आली होती. एनोस गपी ठार बहिरा, त्याला ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे ज्यांच्या दारी ती अजून पोचली नव्हती त्यांनाही कळलं. गपीनं विचारलं, "माझ्या डोक्यावर कुणाचा जीव येईल?" ती ओरडली, "तुझ्या डोक्यावर केससुद्धा येत नाहीत! खण!" आणि त्यानं खणलं.

सोमवारी संध्याकाळी घरी आल्यावर रूबेननं वाफा पाहिला होता, आणि तेव्हापासून तो बायकोशी बोलत नव्हता. बुधवारी तो घरीच राहिला. दुपारी टोपी घालून बाहेर पडला. मी खिडकीतून बघत होते. तो गल्लीच्या वरच्या टोकापासून सुरू झाला. प्रत्येक कुंपणापाशी थांबायचा, वाकून बघायचा, पुढे जायचा. मधे मधे दम घ्यायला भिंतीला टेकायचा. शेवटी माझ्या फाटकाशी आला. माझा वाफा पाहिला. माती अजून ओलीच होती.

"तूपण, अर्सुला?"

"मीपण."

तो माझ्या पायरीवर बसला. बराच वेळ खोकला. रुमाल मुठीत गच्च धरला, पण मी बघितलं आणि त्यालाही कळलं की मी बघितलं.

"गपीनंसुद्धा खणलंय," तो म्हणाला.

"हो."

"नऊच्या नऊ घरांनी. मेरीला. लोखंडानं."

"तुझ्या बायकोला नाही म्हणायची कुणाची टाप आहे का?"

"ते खरं." तो थोडासा हसला आणि पुन्हा खोकला. मग हातातल्या टोपीकडे बघत म्हणाला, "लेटिसला कितवा?"

"सातवा."

त्यानं मान खाली घातली. मग उठला, फाटकापर्यंत गेला आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलला, "आता नाही गेलो तर नऊ घरांचा अपशकुन फुकट जायचा. बस किती वाजता आहे?"

मी म्हटलं, "आठ वीस." आणि दार लावून घेतलं, कारण मला रडू आवरेना.

गुरुवारी तो चर्चचा सूट घालून बसमध्ये बसला. खिडकीशी केझाया, बाहेरच्या बाजूला तो. नाही, चुकले, खिडकीशी तो. बाहेरच्या बाजूला ती, म्हणजे त्याला उठून पळता येऊ नये.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी दोघांना बोलावून घेतलं. क्षय होता, एका बाजूच्या फुप्फुसात, धुळीनं आधीच खराब झालेल्या. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा उलटला असता तर इलाज उरला नसता. आता नवीन सुया निघाल्यात, वर्षभर समुद्राकाठच्या इस्पितळात राहावं लागेल. केझायानं त्याची पेटी भरली, त्याला पोचवलं, परत आली, आणि मग माझ्याकडे येऊन या खेपेला बसली.

"डॉक्टरनं ती काच खिडकीशी धरली," म्हणाली. "काळी काच. त्यात त्याची छाती. आणि त्या छातीवर पांढरे ठिपके, अर्सुला. अगदी पान. माझ्या वाफ्यातलं पान." तिनं कप हातात घेतला, पण प्यायली नाही. "सही होतीच गं. मी ती तीस वर्षं चुकीची वाचली. आठ महिने माझ्या हातानं काढा पाजत राहिले, आणि ते आत वाढत होतं."

मी म्हटलं, "वेळेवर खणलंस."

"वेळेवर नाही. थोडक्यात वाचलो." ती उठली. त्यानंतर मी तिला रडगाणं गाताना ऐकलं नाही. कुणी खोकत आलं तर ती सुंठ आणि मध द्यायची आणि बजावायची, "हे घे. तीन आठवड्यांत गेला नाही तर डॉक्टरकडे जायचं. नाही गेलास तर मी येईन न्यायला." ती येईल या धाकानं माणसं आपणहून जायची.

मे महिन्यात लेटिसला मुलगी झाली, चांगली साडेआठ पौंडांची, आणि आवाज केझायासारखा. वर्ष उलटत आलं, दहा घरांतलं एकही माणूस दगावलं नाही. महिन्यातून एकदा केझाया दोन बस बदलून इस्पितळात जायची. उत्तरेच्या भिंतीखाली मात्र तिनं काही लावलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "तिथं ऊन येत नाही."

अकराव्या महिन्यात पत्र आलं, थुंकी स्वच्छ आहे, घेऊन जा. फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी ती त्याला आणायला गेली. तिची बस वळली तशी मी धुण्याच्या खोलीतून किटली काढली. वर्षभर बिचारी मेरी अर्ध्या अंधारात होती, तरी दोन कळ्या धरल्या होत्या. एप्रनखाली लपवून मी तिच्या अंगणात शिरले, आणि बघते तर भिंतीपाशी एनोस गपी गुडघ्यांवर बसलेला, शेजारी फुटकी बादली, बादलीत मेरीची आसवं.

"तू खणलं होतंस ना सगळं?" मी त्याच्या कानात ओरडले.

"तू नव्हतं खणलंस?" तो किटलीकडे बघत म्हणाला.

तेवढ्यात फाटक वाजलं. वरच्या घरची मिसेस स्क्विब, हातात बिस्किटांचा डबा. तिच्यामागे हॅन्सफर्डकडची दोघं, रात्री पलंगाखाली ठेवायचं मातीचं भांडं घेऊन. अर्ध्या तासात नऊच्या नऊ घरं जमली. प्रत्येकानं एक गड्डा लपवला होता आणि प्रत्येकाला वर्षभर वाटत होतं की गावात खोटारडं आपणच एकटं. कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना. मग मिसेस स्क्विब फिसकन हसली आणि सगळ्यांनी कामाला हात घातला. बोटांनी माती उकरून नऊ गड्डे लावले. लोखंड नाही.

बसचा आवाज आला तशी सगळी पांगली. देणाऱ्यानं दिसायचं नसतं. माझे गुडघे मात्र वेळेवर सरळ होईनात. मी कुंपण धरून उभी राहत होते तोवर ती दोघं फाटकातून आत आली होती.

रूबेन भरला होता. पट्टा पहिल्या भोकाला होता, हे मी आधी पाहिलं. केझायानं भिंतीखाली पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. तिचे ओठ हलत होते, गड्डे मोजत होती.

"नऊ," म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "खोटारडे. सगळे एकजात खोटारडे. आणि दोन गड्ड्यांत वीतभर तरी अंतर ठेवायचं की नाही? गपीनं लावला असेल तो कडेचा. आंधळा पण झाला का?"

तिचे डोळे निळे आहेत, हे मला एकतीस वर्षं माहीत होतं. पापण्या अशा लाल झालेल्या पाहिल्या नव्हत्या.

मी म्हटलं, "वारा फिरलाय."

"हो," ती म्हणाली. "फिरलाय."

रूबेनला काय झालं कुणास ठाऊक. अकरा महिने इस्पितळातल्या नर्सबाईंचे उठता-बसता आभार मानून जिभेला वळण पडलं असणार. तो टोपी काढून पुढे आला, माझा मातीचा हात धरला आणि म्हणाला, "अर्सुला, तुम्हा सगळ्यांचे धन्य..."

केझायानं झेप घेऊन त्याच्या तोंडावर हात दाबला. "गप्प! एक वर्ष तुला जगवण्यात घालवलं, आता माझी रोपं मारायला निघालास?"

तिच्या पंजाआड तो आधी गुदमरला, मग हसायला लागला. हात झटकून, मागे मान टाकून, पोट धरून हसला. आम्ही दोघी सवयीनं श्वास रोखून उभ्या राहिलो, हसण्याच्या शेवटी येणाऱ्या खोकल्याची वाट बघत. तो हसला, थांबला, डोळे पुसले. खोकला आला नाही.